सूर्यभान अण्णांनी पाडलेलं विमान

सूर्यभान अण्णांनी विमान पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. फक्त तेव्हा ते जन्मलेले नव्हते, एवढी एक बारीक अडचण होती.

पण असल्या अडचणीला भीक घालेल तो सूर्यभान कसला! पाथर्डीकडच्या डोंगराखाली हिवरवाडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या डोंगरावर शिकाऊ वैमानिकाचं विमान कोसळलं, हे खरं. त्यातला गोरा पोरगा तिथंच गेला, हेही खरं. बाकी सगळं अण्णांच्या तोंडून. शाळेत घालताना गुरुजींनी साऱ्या गावासारखीच त्यांनाही एक जून ही जन्मतारीख चिकटवली होती, वर्ष अंदाजपंचे. त्याच अंदाजाचा हात धरून अण्णांनी आपला जन्म हवा तेवढा मागं ढकलला. पारावर बसून त्यांनी ते विमान इतक्यांदा पाडलं होतं, की लढाईत शत्रूलाही तेवढं जमलं नसेल.

"धूर बघून मी पळत सुटलो," अण्णा सांगायचे. "सायबाचं डोकं मांडीवर घेतलं, पानी पाजलं. ह्या मांडीवर जीव सोडला त्यानं!"

"तवा तुमची मांडी कुटं हुती वो?" अण्णा घरात आले की त्यांची बायको रतनबाई विचारायची. बिचारीला संसारात दुसरी करमणूक नव्हती.

मांडी होती अण्णांच्या आईची. नवी नवरी, सरपणाला डोंगरावर गेलेली. तिनं त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं, झिऱ्यात पदर भिजवून त्याच्या ओठांवर पिळला. घरी येऊन वेडीनं खरं ते सांगितलं, आणि सासरचं नाक कापलं गेलं की हो! परका पुरुष, त्यात गोरा, आणि त्याचं डोकं सुनेच्या मांडीवर! पोरगा मेला त्याचं कुणाला काही नाही, सुतक सगळं मांडीचं. तिला गोठ्यात ठेवली, गोमूत्र शिंपडून शुद्ध केली. आणि गावानं तोंड घालू नये म्हणून नवऱ्यानं ती मांडी परस्पर आपल्या नावावर करून घेतली. बाप गेल्यावर वारसाहक्कानं ती अण्णांकडं आली. मरायच्या आधी आईनं त्यांना सगळं सांगितलं होतं. अण्णांनी ऐकून घेतलं, रडलेही. पण पारावरचा मान काही सोडवेना.

यंदा सरपंच हनुमंतला स्मारकाची हुक्की आली. विमान पडलं डोंगरावर, स्मारक डांबरी रस्त्याला, सरपंचाच्या हॉटेलसमोर. श्रद्धांजली वाहून घसा कोरडा पडतो ना माणसाचा! त्या वैमानिकाची पुतणी विलायतेहून यायची होती. दगडावर प्रमुख पाहुणे, सरपंच, उपसरपंच, समितीचे झाडून सारे सभासद कोरून झाले. खाली मेलेल्यालाही अंग चोरून जागा मिळाली. शेवटच्या ओळीत 'प्रत्यक्षदर्शी' एवढंच कोरून पुढं मोकळं ठेवलं होतं. तिथं अण्णांचं नाव पाहुणीसमोर कोरायचं, म्हणजे फोटो झकास येतो. अण्णांनी नवा फेटा आणला. दगडावर नाव लागणं म्हणजे काय खायचं काम आहे?

पुतणी म्हणजे चांगली म्हातारी निघाली. काठी टेकत आली. तिचं बोलणं मराठीत सांगायला सावेडीच्या सुकन्या मॅडम सोबत होत्या. अण्णांनी खाकरून घसा साफ केला, विमान पाडलं, धूर काढला आणि मांडीपर्यंत आले. तेवढ्यात म्हातारीनं त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात काही बोलली.

"त्या म्हणतात," सुकन्या मॅडम म्हणाल्या, "आमची आजी मरेपर्यंत एकच विचारायची. माझ्या लेकराजवळ शेवटी कुणी होतं का? तुम्ही होतात. तुमचा हात बघायलाच मी आले."

म्हातारीनं तो हात डोळ्यांना लावला. हाताला ओल लागली आणि अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हाताचा हा मान होता, तो जन्मभर गोठ्यात शेण काढत राहिला होता. त्यांनी हात सोडवून घेतला.

"ताई, त्यो हात ह्यो न्हाई. मी जलमलोबी नव्हतो. माजी माय हुती." आणि त्यांनी पदर, मांडी, गोठा, सगळं सांगून टाकलं. सुकन्या मॅडमनी ते म्हातारीला इंग्रजीत सांगितलं. म्हातारीनं डोळे पुसले आणि त्या माउलीचं नाव विचारलं.

सरपंच लगबगीनं मधे आला. "अण्णा, अवो चारचौघांत घरातलं कशाला काडता? बाईमानसाचं नाव दगडावर बरं दिसत न्हाई. आपुन 'एक ग्रामस्थ' लिवू की."

"ग्रामस्थ?" अण्णांचा आवाज चढला. "पोरगं पानी मागत हुतं, तवा समदे ग्रामस्थ पल्याडच्या अंगाला इमानाचा पत्रा वढत हुते, हनुमंता. तुजा आजा म्होरं, आन माजा बाप त्याच्या मागं."

अण्णा छिन्नी घेऊन थांबलेल्या पाथरवटाकडं वळले.

"छबूबाई लिव. आन म्होरं नवऱ्याचं नाव लावू नको."