नावं घातलेल्या कुंड्या

साउथहॅम्प्टनच्या गोदीवरून येणारा वारा ऑक्टोबरात बोचरा व्हायचा, आणि शशीकाकांच्या दारात तुळशी येऊ लागायच्या. गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून, लेकरासारख्या बसवून आणलेल्या. इथल्या थंडीत तुळस टिकत नाही. शशीकाकांकडे टिकायची. मागच्या काचेच्या खोलीत त्यांनी झाडांसाठीचा मोठा दिवा टांगला होता, आणि हाताला गुण होता. तेरा घरांच्या तुळशी त्यांच्याकडे हिवाळा काढायच्या. अदलाबदल नको म्हणून कुंडीवर ते पांढऱ्या रंगानं ज्याची तुळस त्याचं नाव घालायचे. एप्रिलात तुळस मोठ्या कुंडीत बसून घरी जायची, नावाची कुंडी पुढच्या खेपेसाठी इथंच राहायची.

शशिधर चौबळ हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं होते. मग मज्जातंतूंच्या दुखण्यानं पाय धरले. पोटऱ्यांत कुणी दोर पिळावा तसा पीळ पडायचा. गोळ्यांनी गुंगी यायची, पीळ सुटायचा नाही. गांजाची चिमूटभर पानं दुधात उकळून घेतली, की दोन-तीन तास पाय त्यांचे व्हायचे. म्हणून उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या सहा कुंड्यांत त्यांनी ती झाडं लावली. कुंड्यांवरची नावं पुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ऑक्टोबरात त्या परत लागणारच होत्या.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात गॅसचा मीटर वाचायला आलेल्या माणसाला वास आला. चौथ्या दिवशी पोलीस आले. झाडं नेली, दिवा नेला, कुंड्यांचे फोटो काढले. सहा झाडं, सहा नावं. त्यांच्या लेखी ती सहा गिऱ्हाइकं होती.

दुखण्यासाठी लावली, हे कारण कोर्टात चालत नाही, असा निकाल वरच्या कोर्टानं त्याच वर्षी दिला होता. लावल्याचा गुन्हा काकांनी कबूल केला. त्यांच्या वकीलबाईंनी सांगितलं, एवढ्यावर बहुधा तुरुंग होणार नाही. विकायला लावली असं ठरलं, तर मात्र होईल. नावांपैकी दोघं-तिघं येऊन कुंडी तुळशीची होती म्हणाले, तरी पुरे.

काकांच्या बायकोनं, मीनाक्षीकाकूंनी, कुंड्यांवरच्या सहाही जणांना फोन केले. उल्काताई लग्नाला पुण्याला निघाल्या होत्या, जयंतरावांनी बघतो म्हटलं आणि नंतर फोन उचलला नाही. विनय तेवढा घरी आला. हॉस्पिटलात डॉक्टर, काकांच्या डोळ्यांसमोर वाढलेला.

"काका, ड्रग्जच्या केसमध्ये नाव आलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल हो."

"तुळशीनं जातं का रे रजिस्ट्रेशन?" काका म्हणाले. मग त्यांनीच त्याच्यापुढे बिस्किटं सरकवली.

वर्षभरानं विक्रीच्या आरोपाचा खटला उभा राहिला. सरकारी वकिलानं फोटो दाखवून विचारलं, हा विनय कोण, राहतो कुठं? पत्ता सांगितला असता, तर विनयला समन्स गेलं असतं. वकीलबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. मागच्या बाकावर काकू पदर मुठीत धरून बसल्या होत्या. ज्याला यायचं तो आपल्या पायांनी येईल, ओढून आणणार नाही, हे काकांनी घरीच सांगून ठेवलं होतं.

"ओळखीचा आहे," एवढंच ते म्हणाले. तुळशीची हकिकत त्यांनी सांगितली, पण साक्षीला कुणी नव्हतं. ज्यूरीनं ती ऐकून घेतली आणि झाडं विकायलाच लावली होती असं ठरवलं. नऊ महिन्यांची कैद झाली.

त्याच ऑक्टोबरात एका दुपारी घरची बेल वाजली. दारात विनयची बायको शिल्पा, हातात तुळस. कडेची पानं काळवंडली होती.

"काकू, घरात जगत नाहीये."

"दिवा पोलिसांनी नेला गं," काकू म्हणाल्या. तरी त्यांनी कुंडी घेतली. कोपऱ्यातला पांढऱ्या रंगाचा डबा त्यांच्या नजरेला पडला. "नाव घालू का हिच्यावर?"

शिल्पा उंबऱ्यावरूनच गाडीकडे वळली.

शनिवारी तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत काकांचे पाय टेबलाखाली थडथड आपटत होते. ते दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसले होते.

"तुळशी आल्या?"

"एक आली."

कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. रात्री तिला खिडकीपासून आत घेत जा, म्हणाले, काचेला खेटली की गारठते. आणि पाणी कोमट घाल.