खिळा कोणी ठोकला

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नगरला आमचं लग्नपत्रिकांचं काम घरातच चाले. ही आतल्या खोलीत टाईप करी, मी बाहेर प्रिंट काढी. दोन कॉम्प्युटर एका वायरीने जोडलेले. पुढे पुढे फाईल पाठवली की दोन्ही मशीन मुंगीच्या पावलांनी चालू लागली.

ती वायर टाकून गेलेलाच माणूस जवळच्या नागापूरहून आला. पन्नाशीचा, हसरा. "वहिनी, फाईल बैलगाडीनं धाडता व्हय?" मशीनला हात न लावता, वायर चिमटीत धरून तो भिंतीकडेनं सरकत गेला आणि कपाटामागे थांबला. वायर लोंबते म्हणून तिथे मी हिच्या नकळत खिळा ठोकला होता. त्याखाली ती चेपली होती. खिळा मारू नका, असं वायर टाकतानाच त्यानं मला बजावलं होतं. तेवढा तुकडा कापून त्यानं नवा जोड दिला. फाईल झटक्यात गेली.

तेवढ्यात त्याचा मालक आला. खिळा पाहून म्हणाला, "पुन्हा तुमच्या कामाची तक्रार! आता घरीच बसा. खिळा कोणी ठोकला?"

हिच्यासमोर अडाणी ठरायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "यांनीच."

वायरवाल्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "असंल, साहेब. झालं असंल हातून." मग हिनं दिलेला चहा त्यानं सावकाश संपवला, कपबशी विसळून ठेवली.

पुढच्या खेपेला दुसराच माणूस आला. "त्यांना काढलं," म्हणाला. मी प्रिंट काढत राहिलो.

त्याच्या मालकासमोर एक खरं वाक्य बोलणं, एवढं मी त्याचं अजून देणं लागतो.