उपाध्यक्ष इद्रीसभाई

आमच्या मंचाच्या जेद्दातल्या कचेरीत नवा पाहुणा आला की तो हमखास इद्रीसभाईंकडेच कॉफी मागायचा. दाराजवळ काळा माणूस उभा, म्हणजे नोकरच असणार! इद्रीसभाई मुकाट्याने कप भरून द्यायचे, पाहुण्याचं पिऊन होईपर्यंत थांबायचे आणि मग समोरच्या खुर्चीत बसून सांगायचे, "मैं इद्रीस. इधर का व्हाइस चेअरमन." मी चिडायचे, ते हसायचे. "पहले पीने दो, नफीसाबहेन. पहले बोलूँगा तो बेचारे को ठसका लगेगा."

त्यांचे पणजोबा नायजेरियातून हजला आले आणि इथेच राहिले. इद्रीसभाईंचा जन्म जेद्दाचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखानाही जेद्दात. हिंदी मात्र बंदरावरच्या आमच्या रत्नागिरीकरांकडून शिकलेली, त्यामुळे मध्येच अस्सल "काय सांगू" यायचं. मोठ्या कंपन्यांनी खरेदी करताना बायकांना, परदेशी आणि काळ्या लहान व्यावसायिकांनाही कामं द्यावीत, म्हणून हा मंच त्यांनीच उभा केला. माझ्या शिवणकामाला इस्पितळाचे गणवेश मिळाले ते त्यांच्यामुळे. खरेदी अधिकाऱ्यासमोर त्यांनी माझा नमुन्याचा कोट उलटा करून धरला होता. "टाका देखो साहब, पासपोर्ट बाद में देखना."

अध्यक्ष मात्र दर वेळी दुसराच. एकदा एक लेबनानी झाला, एकदा आमचा मुंबईचा सेठ. "इद्रीस माणूस लाखमोलाचा," सेठ मला म्हणाला, "पण बाहेर चेहरा दाखवावा लागतो ना!" हे सांगणारा सेठ स्वतः रंगाने माझ्या लोखंडी तव्याचा सख्खा भाऊ. मी संतापून इद्रीसभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, "काय सांगू, बहेन. दुकान में सब रंग चलता है, गल्ले पे नहीं." पण साठी ओलांडल्यावर त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं. "इस बार कुर्सी मुझे चाहिए. मरने के बाद तारीफ नहीं चाहिए."

बैठक होती मंचाला पैसा पुरवणाऱ्या शेखांच्या दिवाणखान्यात. मी उठून इद्रीसभाईंचं नाव सुचवलं. कुणी अनुमोदन देईना, कुणी विरोधही करीना. शेखांनी दाराकडे बघून मान हलवली आणि नोकर ऊदाची धूपदाणी घेऊन आत आला. इथला रिवाज असा की धूप फिरला म्हणजे बैठक संपली, पाहुण्यांनी उठायचं. मंडळींनी दाढ्यांना धूर लावला आणि इन्शाअल्लाह, इन्शाअल्लाह करत चपला शोधल्या. नकार देण्याची इतकी सुवासिक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

इद्रीसभाई उठले नाहीत. धूपदाणी समोर आली, तरी त्यांनी हात पुढे केला नाही. पाहुणा बसलेला असताना यजमानाला आत जाता येत नाही, म्हणून शेख अवघडून उभे राहिले. इद्रीसभाई शांतपणे अरबीत म्हणाले, "नाही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणा."

शेखांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं काय करतोस, इद्रीस! तुझ्यावाचून हा मंच एक दिवसही चालायचा नाही." खुर्चीबद्दल अवाक्षर नाही.

इद्रीसभाईंनी तो हात खाली ठेवला आणि ते उठले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंच सोडला. पुढे कारखानाही दूर बुरैदा शहरात हलवला. तिथल्या खजुरांना खोकी लागतातच. इकडे शेखांचा पुतण्या अध्यक्ष झाला.

मंच चालतो आहे. छान चालतो आहे.