मित्राच्या यंत्राची देखभाल

परराष्ट्र खात्यात या वायरमनने सव्वीस वर्षं काढली. दिवे, पंखे, घंट्या हे सांगण्यापुरतं काम. खरं काम म्हणजे बैठकीच्या खोल्यांतून चोरून ऐकणारी यंत्रं हुडकणं. यंत्र शत्रूचं निघालं की काय विचारता! फोटोवाले धावत, मंत्री लालबुंद होत, वकिलातीतल्या चारदोन माणसांना हाकललं जाई. मित्रराष्ट्राचं निघालं तर साहेब म्हणत, "पुसून जागेवर ठेवा. उगाच वाईट वाटायचं त्यांना." पुढे तर त्या यंत्रांच्या बॅटऱ्या बदलायचं कामही याच्याच गळ्यात पडलं. गडी टापटिपीचा. प्रत्येक बॅटरीवर पेन्सिलीने तारीख घालायचा.

तो रजेवर असताना बाहेरच्या पथकाने मोठ्या टेबलाखालून एक यंत्र काढलं आणि शत्रूचं म्हणून गाजवलं. टेबल बनवलं होतं त्याच्या मेहुण्याने, खात्यातल्या सुताराने. त्याला भरल्या ताटावरून उचललं. देशद्रोहाचा आरोप, म्हणजे जन्मठेप.

वायरमनने पेपरात त्या यंत्राचा फोटो पाहिला. बॅटरीवर त्याच्याच अक्षरात तारीख होती.

"साहेब, ते मित्राचं आहे. बॅटरी मीच घातलीय."

"मित्र आपल्यावर पाळत ठेवत नाहीत," साहेब शांतपणे म्हणाले.

"मग इतकी वर्षं मी पुसत काय होतो?"

"धूळ."

त्या खोलीत मित्राचं आणखी एक यंत्र होतं, टेबलावरच्या दिव्याच्या बुडाशी. जेवणाच्या सुट्टीत वायरमन आत शिरला, दार लावलं आणि दिव्यापाशी तोंड नेलं. "ऐकताय ना? ते तुमचं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मेहुण्याने काही केलेलं नाही हो. एक शब्द बोला कुणाशी तरी." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं त्याला वाटलं, आणि भर दुपारी त्याची मान गार पडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेप लावली. आधी पावलं, मग कडीचा आवाज, मग त्याचंच रडणं.

"मित्राने पाठवलीय. तुमचा माणूस कामात व्यत्यय आणतो, अशी तक्रार आहे."

"म्हणजे त्यांनी ऐकलं! साहेब, ही टेप कोर्टात दाखवा, सुटेल तो!"

"आणि हे रेकॉर्डिंग कुणी केलं म्हणून सांगू?" साहेबांनी टेप खणात टाकली. "आज दिवा तेवढा पुसून घ्या."

आणि त्याने तो पुसला.

घरी बायको भावासाठी तुरुंगात न्यायची पिशवी भरत होती.

"अहो, कुणी ऐकून घेतलं का तुमचं?"

"सगळ्यांनी. टेपसुद्धा आहे."

ती उठली, कपाटातून त्याचे दोन सदरे काढले आणि त्याच पिशवीत भरले.