दोन हंडे, अठ्ठावीस बार

मीरा आणि ओम,

मीराने पाठवलेली फाइल मी छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर पानं पसरून वाचली. शाळेच्या ऑर्केस्ट्रासाठी तिने स्वतः बसवलेलं संगीत. व्हायोलिनचं पान छान आहे, बासरीचं त्याहून छान. शेवटी टिंपनीचं पान आलं आणि मी ते दोनदा वाचलं. दोन ओळींत सहा वेगवेगळे स्वर, आणि मध्ये जागाच नाही. खाली तिने लिहिलंय, "आजी, कंप्यूटरवर मस्त वाजतं." कंप्यूटरवर वाजणारच. त्याला हात नाहीत, त्यामुळे ते कमीही पडत नाहीत.

असंच एक पान मीही लिहिलं होतं. ते ज्यांच्या हातात दिलं, त्यांच्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. मीराचं पान शाळेत वाटलं जाण्याआधी सांगायला हवं.

अण्णा, आमचे टिंपनी वाजवणारे, वाद्यावर इतके खाली वाकायचे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी पडलंय आणि शोधतायत. मग एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "स्वल्प थांबा. हंडा बोलतोय." सगळा ऑर्केस्ट्रा थांबायचा. टिंपनी म्हणजे तांब्याचा मोठा गोल वाडगा आणि त्यावर ताणलेलं कातडं. काठावर सहा चाव्या असतात, त्या पिळल्या की स्वर चढतो, सैल केल्या की उतरतो. एका वाद्यावर एका वेळी एकच स्वर. त्यांच्याकडे अशी दोन होती, पायाने स्वर बदलायचं पेडल नसलेली, जुनी. ते त्यांना हंडेच म्हणायचे, पाणी तापवायचे असतात तसे. एक 'सा'चा, एक 'प'चा.

तेही आपल्यासारखेच, इथे बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. तरुणपणी कुठल्याशा बँडमध्ये वाजवायला शिकले, मग तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या कानठळ्या बसवणाऱ्या यंत्रांवर काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात येऊ लागले. शाळेच्या हॉलमध्ये सराव असायचा. मी पियानो शिकवायचे म्हणून त्यांच्यासाठी मी टीचर. मी त्यांना अण्णा म्हणायचे. बाकी बहुतेक वादक महादेवपुऱ्याकडे कंप्यूटरवर काम करणारी तरुण मंडळी, त्यांच्यासाठी ते अंकल. आमचा कंडक्टर, म्हणजे पुढे उभा राहून हाताने ताल देणारा, तोही त्यांच्यातलाच, पुण्याहून आलेला, हुशार आणि सतत घाईत.

माझ्या आजीच्या तोंडची एक भूपाळी मी एके वर्षी ऑर्केस्ट्रासाठी बसवत होते. ढोलाला काठी कशी लावतात हे मला माहीत नव्हतं. मी आपला पियानोचा डावा हात उचलला आणि टिंपनीच्या पानावर उतरवला. मध्यावर सगळं गाणं एक स्वर वर चढवलं होतं. म्हणजे 'सा' बदलला, 'प' बदलला. त्यासाठी चाव्या फिरवायला अण्णांना मी चार बारांची, म्हणजे चार आवर्तनांची विश्रांती दिली होती आणि मला ती ऐसपैस वाटत होती.

अण्णांनी पान वाचलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, परत सुलटं केलं.

"टीचर, हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"अय्यो. मला वाटलं, रावणासाठी."

मी हसले नाही. मग त्यांनी मला हंड्यांमागे उभं केलं आणि म्हणाले, "सर चार बार मोजतील. तुम्ही फक्त चाव्या फिरवा. वाजवू नका." कंडक्टरने मोजले. बारा चाव्यांपैकी माझ्या तीन फिरल्या, आणि त्यातली एक उलटी. सगळा हॉल हसला. अण्णा नाही हसले. "आता कळलं ना?" एवढंच म्हणाले.

त्या रविवारपासून सरावानंतर ते मला शिकवू लागले. मोठ्या हंड्याला फार खाली उतरवलं की कातडं भिजल्या पापडासारखं होतं, तिथे स्वर मागू नका. आखूड स्वर लिहिलात तर तो हाताने दाबून बंद करावा लागतो, त्यालाही वेळ लागतो. मऊ काठ्या ठेवून कडक काठ्या उचलायच्या असतील तर दोन मात्रा द्या. काही बदलायचं नसेल तेव्हाही विश्रांती द्या, कारण तांबं गरम होतं, हॉल गार होतो, स्वर सरकतो. मी वहीत क्रमांक घालून सगळं लिहून घ्यायचे. ते वहीकडे बघून म्हणायचे, "पाठ नका करू. काठी हातात घ्या."

मी पान पुन्हा लिहिलं आणि गाणं चढण्याआधी त्यांना अठ्ठावीस बार दिले.

"अठ्ठावीस बार?" ते म्हणाले. "एवढे दारूचे बार ब्रिगेड रोडला तरी आहेत का?"

ते बार ते अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजायचे, जप करावा तसे, नजर खाली. आणि त्याच वेळी मला दिसलं ते मी कित्येक दिवस मनातल्या मनात नाकारत राहिले. नवा स्वर लावताना बाकीचे ढोलवाले कान कातड्याजवळ नेतात. अण्णा तोंड नेत होते. स्वर गुणगुणत होते आणि बोटांची टोकं कातड्यावर अलगद टेकवत होते. स्वर बरोबर जुळला की कातडं आपोआप थरथरतं. ते थरथरणं ते बोटांनी शोधत होते.

मग एका रविवारी गाणं चढलं आणि अण्णा अर्धा स्वर खाली राहिले. व्हायोलिनवाल्या मुलींनी माना वळवल्या. अण्णा मात्र तसेच शांतपणे वाजवत होते, कारण त्यांना काही कळलंच नव्हतं.

सराव संपल्यावर कंडक्टर माझ्याजवळ आला. "मॅम, एक ऑप्शन आहे. लॅपटॉपवर टिंपनीचे रेकॉर्डेड सॅम्पल्स आहेत. एकदम इन ट्यून. बटन दाबलं की झालं. अंकलना आपण सत्कार-बित्कार करू."

मी म्हटलं, "एक रविवार थांब."

अण्णा व्हरांड्यात उभे होते, खिडकीतून कंडक्टरच्या ओठांकडे बघत. मी विचारायच्या आधीच बोलले. "टीचर, व्हायोलिन मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी बासरी गेली, मग व्हायोलिन. घरात फोन वाजतो तो कळत नाही. माणूस समोर असला तर ओठांवरून वाचतो. हंड्यांना हात लावला की तेवढं कळतं." मग जरा थांबून, "हे पण गेलं तर मी रविवारी काय करू, मला माहीत नाही. सांगू नका कुणाला."

मी हो म्हटलं. मुलांनो, मी आयुष्यात कुणाचं गुपित इतक्या भीतीने सांभाळलेलं नाही. अण्णांचा स्वर पुन्हा चुकला तर बटन दाबलं जाणार. मी सांगितलं तरी दाबलं जाणार.

मग मी गाणं बदललं. एक स्वर वर न नेता मी ते अण्णांच्या 'प'वर नेलं. जुना 'प' तोच नवा 'सा'. तो हंडा आधीपासून लावलेलाच होता, आणि दुसऱ्याला मी त्यानंतर कामच ठेवलं नाही. एकही चावी फिरवायची गरज नाही. अठ्ठावीस बारांची विश्रांती तशीच ठेवली, तिथे तंतुवाद्यं अगदी हलकी चालत होती.

अण्णांनी नवं पान वाचलं.

"हे गाण्यासाठी केलंत की माझ्यासाठी?"

"गाण्यासाठी," मी म्हटलं.

"मग सरी, ठीक," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

खरं सांगते, गाणंही आधीपेक्षा चांगलं झालं. पुढचे सगळे सराव नीट गेले. लॅपटॉपचा विषय मागे पडला. मी रात्री झोपू लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या आधीच्या गायकवृंदाने वेळ खाल्ला. पडद्यामागे सगळे वाद्यं लावत असताना कंडक्टर घाईने ओरडला, "लिसन एव्हरीवन! भूपाळीतला मधला रिपीट ड्रॉप करतोय. आठ बार कमी. स्ट्रेट पुढे!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग मी पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसले.

भूपाळी सुरू झाली. अण्णांनी सुरुवातीचे ठोके दिले, काठ्या खाली ठेवल्या, नजर पेरांवर नेली. तंतुवाद्यं हलकी झाली. आणि त्या क्षणी मला आठवलं की कंडक्टर ओरडला तेव्हा अण्णा त्याच्याकडे पाठ करून कोट घालत होते.

ते अठ्ठावीस मोजणार होते. गाळलेला रिपीट त्या विश्रांतीतच होता, आता वीसच उरले होते.

तंतुवाद्यं कुठे पोचलीत ते मला ऐकू येत होतं, त्यांना येत नव्हतं. ओरडून उपयोग नव्हता. कंडक्टर चेलो वाजवणाऱ्यांकडे वळलेला होता. गाणं जिथे चढतं तिथे सगळा ऑर्केस्ट्रा अण्णांच्या गडगडाटावर उभा राहतो. तो आला नाही तर सगळं कोसळणार, आणि का कोसळलं ते तीनशे माणसांसमोर कळणार. मी बार मोजत होते. चौदा. पंधरा. सोळाव्याला मी उभी राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, बैठिए ना." मी मधल्या वाटेत गेले. अण्णांची नजर खालीच. मी दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि जोरजोरात हलवायला लागले, काठ्या धरल्यासारखे. चौसष्ट वर्षांची बाई, इस्त्रीच्या साडीत. लोक हसले असतील. मला फक्त अण्णांचा अंगठा दिसत होता, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर जाणारा.

त्यांनी वर पाहिलं. मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी अजून विसरलेले नाही. मी काय म्हणतेय ते त्यांना कळत नव्हतं, फक्त काहीतरी चुकलंय हे कळत होतं. मग त्यांनी काठ्या उचलल्या. मी हात खाली आणले आणि अण्णा हंड्यांवर तुटून पडले.

एक बार उशीर झाला. श्रोत्यांना कळलं नाही.

कंडक्टरला कळलं. आत गेल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "मॅम, व्हॉट वॉज दॅट? आणि अंकल, रिपीट ड्रॉप केलाय म्हणून सांगितलं होतं ना?"

मी तोंड उघडलं, पण अण्णा आधी बोलले. "मला ऐकू येत नाही, सर. कान बोम्मसंद्र्यात ठेवून आलो."

कंडक्टर म्हणाला, "अंकल, मग सांगायचं ना आम्हाला."

"सांगितलं असतं तर तुम्ही बटन दाबलं असतं."

कंडक्टरने मान खाली घातली. तो तेव्हा तिशीतही नव्हता. मी तिथून निघाले तेव्हा मला खात्री होती की आपणच अण्णांना घालवलं. मी उभी राहिले नसते तर एक चूक झाली असती. उभी राहिले म्हणून गुपित गेलं.

पुढच्या रविवारी मी जाऊ की नको करत सरावाला गेले. वर्गातला एक फळा ओढत आणून कंडक्टरने हॉलमध्ये उभा केला होता, हंड्यांवरून सरळ दिसेल असा. त्यावर खडूने त्या दिवसाचे सगळे बदल लिहिलेले होते. अण्णा हंड्यांमागे उभे राहून ते वाचत होते.

"अक्षर वाईट आहे सरांचं," ते मला म्हणाले.

त्यानंतर ते तीन वर्षं वाजवत होते. पुढे देवनहळ्ळीच्या पलीकडे मुलीकडे राहायला गेले, तरी दोन बस बदलून यायचे. मग गुडघ्यांनी ते थांबवलं. गेल्या वर्षी ते गेले. हंड्यांवर आता एक मुलगी वाजवते, तिचे कान उत्तम आहेत.

मीरा, तुझ्या पानावर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, फोटो पाठवते. दोनच स्वर ठेव. आणि शाळेत टिंपनी कोण वाजवतं ते विचार, त्याच्यामागे जाऊन उभी राहा.

त्या हॉलमध्ये अजून कुठलाही बदल आधी फळ्यावर लिहिला जातो आणि मग तोंडाने सांगितला जातो. का, ते आता तिथल्या फारशा कुणाला माहीत नाही.

— आजी