विमानानं येणारी लस

आमच्या मेंढ्यांना देवीचा रोग लागला, त्या वर्षी आम्ही पालमजवळच्या माळावर उतरलो होतो. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती आणि आता सगळं झटपट होणार, असं जो तो सांगत सुटला होता. मला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. वडिलांना मात्र वाटायचं.

रोग दिसला की कळप फोडायचा, ही आमच्या घरची रीत. धडधाकट मेंढरं चार वाटांनी लांब न्यायची, आजारी मागं ठेवायची. थोडी जातात, बाकीची तगतात. वडील त्याच तयारीत असताना जनावरांचे डॉक्टर आले. तरुण, भला माणूस. म्हणाले, "कळप फोडू नका. लस विमानानं हैदराबादला येतेय, तिथून रेल्वेनं. मेंढ्या एका जागी असल्या की एका दिवसात टोचून होतील."

"विमानानं यायलीय?" वडील हरखले. "मंग आता लांब न्हाई. राहू द्या इथंच."

मी म्हणालो, "आबा, विमान काय आपल्या माळावर उतरायलंय व्हय?"

"तू गप."

दोरीच्या जाळीचं कुंपण घालून आम्ही सगळा कळप एकत्र कोंडला. रोज सकाळी मेलेली मेंढरं ओढून बाहेर काढायची आणि उरलेल्यांच्या अंगावर नवे फोड बघायचे. दिवस जात राहिले. शेवटी डॉक्टर आणि मी बैलगाडी जुंपून स्टेशनावर गेलो.

खोकं केव्हाच येऊन पडलं होतं. निरोप कुणाबरोबर धाडायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालखोलीची किल्ली एका म्हाताऱ्या हमालाकडं होती. त्यानं पत्र्याच्या तापलेल्या खोलीतून खोकं दोन्ही हातांनी जपून आणलं.

"विमानाची अमानत हाय, साहेब. वली गोणपाटं गुंडाळली व्हती, पाणी गळायलं व्हतं. मी बर्फ काढून फेकला, खोकं उन्हात वाळवलं, मंग कुलपात ठेवलं. लय जपलं बघा."

त्याच्यावर कसं चिडायचं? डॉक्टरांनी एक बाटली हातात घेतली. ती कोमट होती. "वाया गेली," एवढंच ते म्हणाले. मला मात्र अख्ख्या दुनियेचा राग आला. आम्ही गाडी माळाकडं वळवली.

माळावर डॉक्टर खाली मान घालून वडिलांना सांगत राहिले. दुसरी लस मागवतो, स्टेशनावर बर्फाची पेटी ठेवायला लावतो, जीपसाठी वर लिहितो. वडील जाळीकडं बघत होते. आत आता फोडण्याजोगा कळप उरला नव्हता.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "लस बैलगाडीनं यायची असती, तर आमी थांबलोच नसतो."