नांदुऱ्याच्या पुढे, कमलाकाकूंच्या हापशावर

"दादा, बुलढाण्याला येतोस? डोंगर, थंड हवा!" धाकटी बहीण वैदेही म्हणाली आणि मी बॅग भरली. नांदुऱ्याला उतरल्यावर कळलं, ती डोंगरावरच्या बुलढाणा शहराबद्दल नाही, जिल्ह्याबद्दल बोलत होती. डोंगर लांबवर निळे दिसत होते आणि माझ्या दोन्ही हातांत तिच्या फिल्टरचे डबे होते.

स्टेशनबाहेर कचोरी खाऊन घ्या. पुढचा एसटीचा रस्ता ती आपोआप जिरवतो. तासाभराने कपाशीच्या रानातलं गाव आलं. इथल्या हापशाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. वर्षानुवर्षं प्यायलं की दातांवर तपकिरी पट्टे उठतात, पुढे सांधे आखडतात. वैदेहीने चार वर्षं खपून फिल्टरसाठी कागदासारखी पातळ मेम्ब्रेन बनवली होती. तिच्यावरचा लेप फ्लोराइड धरून ठेवतो.

हापसा कमलाकाकूंच्या दारात. काकू बचत गटाच्या अध्यक्ष. त्या हो म्हणाल्या तरच फिल्टर बसणार. त्यांची तरुण सून हसताना तोंडावर पदर घ्यायची.

वैदेहीने पाणी गाळून बाटलीत भरलं, तोच काकूंनी जेवायला बसवलं. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली.

"हेबी पानी गाळून पाहा वो," काकू म्हणाल्या.

जेवून वैदेहीने बाटलीतलं पाणी तपासलं. मीटरवर हापशाच्या पाण्याइतकाच आकडा! पुन्हा तपासलं. तोच. तिचा चेहरा उतरला.

मी कुजबुजलो, "मीटर तापलाय म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "काकू, फिल्टर चालला नाही. हे पाणी पिऊ नका."

"काऊन तोंड पाडून राह्यली वं पोरी?" काकूंनी पदराआडून दुसरी बाटली काढली. "तुहं गाळेल पानी हे घे. त्या बाटलीत म्या हापशाचंच भरलं. मागं एक जन असाच फिल्टर घेऊन आला होता, त्याच्यासंगंबी असंच केलं. तो म्हने, एकदम शुद्ध!"

सून पदर विसरून खदखदून हसली.

खऱ्या बाटलीतला आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. "आज चालला," वैदेही म्हणाली, "महिनाभर टिकतो का ते बघावं लागेल."

"हाव, मंग बसव," काकू म्हणाल्या.

आता काकूंकडून घरी दर आठवड्याला पार्सलने तीन बाटल्या येतात, एकीवरही नाव नाही. गाळलेलं पाणी कुठलं, ते वैदेहीने ओळखून कळवायचं. अजून चुकलेली नाही.

मला मात्र माझी ती कुजबुज टोचते. वैदेहीने ती कुणाला सांगितली नाही, म्हणून मीच इथे लिहून टाकली.